उजवी बाही

प्रिय ठमाबाई,

तू आत्याकडे गेल्यापासून दुकानात बोलायला फक्त शिलाई मशीन उरलंय, आणि तेही कुरकुरतं. तू शिवलेला राखाडी कोट अजून इथेच आहे. गिऱ्हाईक न्यायला आलं होतं, त्याला पुढच्या आठवड्यात या म्हटलं. का, ते सांगतो.

लहानपणी काही शिवून दाखवलंस की तू माझ्या शब्दाची वाट बघत उभी राहायचीस. आपल्या दुकानाची ती रीतच. ‘नाइस’ म्हणजे कोट उलटा करून न बघताच म्हणायचं. ‘फाइन’ म्हणजे घाल, पण फार विचारू नकोस. ‘गुड’ म्हणजे उसवायला नको. ‘एक्सलंट’ मी कुणालाच दिला नाही, स्वतःलाही नाही. शाळा सातवीतच सुटली. इंग्रजी मी शब्दकोशातून आणि गिऱ्हाइकांचे चेहरे बघून शिकलो. म्हणून तर एकेक शब्द टेप लावून मोजल्यासारखा वापरतो आणि त्याचा तोरा मिरवतो.

तू जिथे नोकरीसाठी अर्ज केला होतास, त्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मला फोनवर विचारलं, मुलीचं काम कसं आहे. मी म्हणालो, ‘सॅटिसफॅक्टरी.’ त्या थँक्यू म्हणाल्या, आणि तुझी हाताशी आलेली नोकरी गेली. आत्या परवा हसत सांगत होती की तू माझीच बाजू घेतलीस. म्हणालीस, “बाबांना वाटलं असेल, समाधान झालं म्हणजे आणखी काय हवं. घरी शिकलेलं इंग्रजी, निसटतो एखादा शब्द.” एका शब्दावरून वकिलाशी तासभर भांडणारा मी, मान खाली घालून ‘हो गं, चुकलंच’ म्हणालो. अडाणी ठरणं सोयीचं होतं.

काल तुझा कोट उसवायला घेतला. खोट सापडली असती तर जिवाला बरं वाटलं असतं. उजव्या बाहीचं अस्तर सोडवून पार मुंढ्यापर्यंत गेलो. कुठे चुणी नाही, कुठे कापड ओढलेलं नाही. मग गुपचूप परत शिवायला बसलो, तर माझे टाके लांबूनही ओळखू येतात.

तो शब्द निसटला नव्हता, ठमे. तो किती थंड आहे, ‘चालेल इतपत’ एवढंच सांगतो, हे मला नेमकं माहीत होतं. खोटं बोलल्यासारखं होऊ नये आणि तू जाऊही नयेस, म्हणून तोच निवडला. आज सकाळी मालकीणबाईंना फोन करून हे सगळं सांगितलं. जागा अजून भरलेली नाही. तुला सोमवारी बोलावलंय. रागावलीस तरी जा. फक्त त्याआधी दुकानात येऊन ती उजवी बाही तेवढी बसवून दे. मला तुझ्यासारखी जमत नाही.

तुझाच,
बाबा