एका कान्यानं गेलेलं अध्यक्षपद

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. नमस्कार खरोखरच साष्टांग आहे, कारण हे पत्र मी दुकानात झेरॉक्स मशीनच्या मागे पालथा पडून लिहितोय. (पुढे काउंटरला काकांच्या पक्षाचे दोघं जण माझी चौकशी करत उभे आहेत, आणि मालक त्यांना खोटं सांगताहेत. चांगला माणूस.) कागदाच्या मागच्या बाजूला कोणाच्या तरी बाळाचा जन्मदाखला वाकडा छापलाय, तिकडे लक्ष देऊ नकोस, बाळ सुखरूप आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा एकच कान अजून चालतो ना? चालणारा कान उशीत घालून झोपतात हे ऐकून त्यांच्या हुशारीबद्दल माझं मत फार चांगलं झालंय. इकडे काकू ठीक, मी ठीक, फक्त काकांचं राष्ट्रीय अध्यक्षपद गेलं. कोणाकडे गेलं ते शेवटी सांगतो. आत्ताच सांगितलं तर तू पत्र फाडशील, आणि माझी मेहनत, बाळाचा दाखला, सगळंच वाया.

मला माहीत आहे, तुला पक्षाचं नाव काढलेलं चालत नाही. सहा वर्षांपूर्वी काकांनी तुला न विचारता नगरपालिकेला उभी केली आणि ते तुला तुझ्याच गल्लीतल्या भिंतीवर कळलं. वर तो फोटो. ग्रुप फोटोतून कापलेला, त्यामुळे तुझ्या खांद्यावर कोणाचं तरी कोपर. मतं पडली सात, आणि तुझ्या घरात मतदार नऊ. त्या दिवसापासून तू भावाशी बोललेली नाहीस आणि घरातल्या त्या दोघांचा शोधही थांबवलेला नाहीस. (आतोबांना विचारून बघ. एवढंच म्हणतो.) काकांनीही नंतर तुझं नाव काढलं नाही. फक्त दर वर्षी सभासदांची यादी टाईप करायला देतात तेव्हा आजीव सभासद क्रमांक चारपाशी त्यांचं बोट जरा जास्त थांबतं. पक्ष नोंदवताना माणसं कमी पडत होती, तेव्हाच त्यांनी तुला आजीव करून टाकलंय. तेही न विचारता. आता हे ऐकून आणखी सहा वर्षं वाढवू नकोस.

तर रविवारी अखिल राष्ट्रीय समविचारी पक्षाचं महाअधिवेशन झालं. राष्ट्रीय का, तर एक सभासद रेल्वेनं येतो. समविचारी का, ते अजून कोणाला कळलेलं नाही. जागा नेहमीचीच, सरचिटणीसांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या वरचा हॉल. सरचिटणीसांना सगळे 'डबलब्रेक' म्हणतात, कारण शिकवायच्या गाडीत ब्रेक जसा दोन्हीकडे असतो तसा त्यांच्या बोलण्यातही असतो. माणूस धड पुढे जात नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाही. भिंतीवर सगळ्या रहदारीच्या खुणा लावलेल्या, आणि काकांच्या खुर्चीवर बरोब्बर 'पुढे रस्ता बंद'. मी ती खुर्ची मुद्दाम तिथे ठेवली नव्हती. (ठेवली होती.)

आता माझ्या पापाकडे येतो. अधिवेशनाची विषयपत्रिका दर वर्षी मीच टाईप करतो. विषय क्रमांक तीन एकोणीस वर्षं तोच: 'अध्यक्षांची एकमताने निवड करणे.' ती पत्रिका कोणी वाचत नाही. मागच्या वर्षी मी विषय सहामध्ये घातलं होतं की 'हा विषय कोणी वाचला नसल्यास मंजूर समजावा', तर टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. रेल्वेवाल्यांनी अनुमोदन दिलं. मग माणसाला वाटणारच ना, की बघू तरी! या वर्षी मी फक्त एक काना जास्त टाकला आणि एक जागा मोकळी सोडली. 'अध्यक्षांची एका मताने निवड करणे.' बस. एका कान्यानं कोणाचं काय वाकडं होणार? काका आयुष्यभर वजनकाटे तपासत आले, दुकानदाराचा अर्धा ग्रॅम त्यांच्या नजरेतून सुटला नाही, पण माझा काना सुटला.

सुटला नाही तो नव्या सभासदाच्या नजरेतून. हे गृहस्थ छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून पक्षात आले. आम्ही त्यांना 'काना-मात्रा' म्हणतो. विषय तीन आला, हात वर जायला लागले, आणि हे चष्मा पुसत उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, इथे 'एका मताने' असं आहे. म्हणजे एका मताच्या फरकाने. तेव्हा मतदान हवं, आणि मतदानाला दुसरा उमेदवार हवा."

"अहो, छपाईची चूक आहे ती," काका म्हणाले.

"मी पस्तीस वर्षं हेच ऐकत आलो," काना-मात्रा म्हणाले.

आता पक्षाच्या घटनेतलं कलम नऊ असं, की वाटलेली विषयपत्रिका बदलता येत नाही. कलम नऊ कोणी लिहिलं? काकांनी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माईकची वायर तपासायला लागलो, जी तुटलेली नव्हती. डबलब्रेक मात्र सावकाश उठले आणि म्हणाले, "पक्षासाठी मी हरायलाही तयार आहे," आणि खिशातून घडी घातलेलं विजयाचं भाषण काढलं.

मतपत्रिका म्हणजे लर्निंग लायसन्सच्या सराव पेपरांची कोरी बाजू. पेटी म्हणजे बिस्किटांचा डबा. हजर माणसं अठ्ठावीस. पहिल्या फेरीत काकांना पंधरा, डबलब्रेकना तेरा. काकू मागे चहा गाळत होती, तिनं पातेलं ठेवून टाळ्या वाजवल्या. पण काना-मात्रा उठले: फरक दोनाचा आहे, निवड अवैध! आत्या, मतं कमी पडून हरलेले पुष्कळ असतात. मतं जास्त पडून हरलेला जगात एकटा माझा काका.

मग ठरलं, काकांच्या एका माणसानं मोठ्या मनानं तिकडे जावं. गेला. झाले चौदा-चौदा. एक माणूस इकडचा तिकडे गेला की फरक दोनानं बदलतो हे मला गणितात तीनदा नापास होऊनही कळत होतं, पण मला मत नाही, मला फक्त माईक. तिसऱ्या फेरीला गेलेल्यानं परत यायचं आणि काकांच्या पंधरातल्या एकानं मत न देता गप्प बसायचं असं ठरलं. कोण बसणार ते ठरलं नाही. निष्ठा एवढी दांडगी की दोघं बसले. तेरा-तेरा.

मग जे काय झालं त्याला वृत्तांतात 'विचारमंथन' लिहिलंय. रेल्वेवाले गाडी चुकते म्हणून ओरडत होते, डबलब्रेक म्हणत होते, माझ्या हॉलमध्ये माझाच अपमान, आणि कोणीतरी कोणाला तरी 'एकविचारी' म्हणालं, जी आमच्या पक्षात शिवी आहे. काकांच्या बाजूनं चौथ्या फेरीवर बहिष्कार जाहीर केला. तो नैतिक विजय आपल्याला मिळू नये म्हणजे काय, म्हणून डबलब्रेकच्या बाजूनंही केला. आणि सगळा पक्ष दोन्ही बहिष्कार घेऊन एकाच जिन्यानं, एकाच चहाला खाली गेला.

काका एकटेच खुर्चीत बसून राहिले. आत्या, मी तुला नेहमी खोटं लिहितो, पण हे खरं. एकोणीस वर्षांत त्या माणसाला कधी कोणी निवडून दिलं नव्हतं, नुसते हात वर केले होते. रविवारी पहिल्यांदा पंधरा जणांनी गुपचूप, कोणी बघत नसताना, त्यांचं नाव कागदावर लिहिलं, आणि तेच बाद झालं. ते पंधरा कागद त्यांनी गोळा करून खिशात ठेवले. मला म्हणाले, "तू जा, चहा घे. डब्याला कोण खातंय!" मी गेलो. (बिस्किटंही डब्यातून काढून खालीच नेली होती.)

दहा मिनिटांनी सगळे वर आलो. काना-मात्रांनी रीतसर डबा उघडला, कारण बहिष्कार असला तरी मोजणी करावी लागते म्हणे. आत एक कागद. एकच. काना-मात्रांनी तो दोनदा वाचला, उजेडात धरला, आणि जाहीर केलं की विषयपत्रिकेत म्हटल्याप्रमाणे अध्यक्षांची एका मतानं, आणि एकाच मतानं, विधिवत निवड झालेली आहे. शुद्धलेखन निर्दोष. पहिली टाळी काकांची.

आतोबांना नमस्कार, कानाला धरून. घरातल्या लहानांना माझ्याकडून एकेक चिमटा. आणि तू मला शिव्या देण्याआधी खालचं वाच.

तुझा लाडका (आजपर्यंत तरी),
भाचा

ता.क. तूच गं. राष्ट्रीय अध्यक्ष. अभिनंदन. उमेदवारानं हजर असायला हवं किंवा त्याला विचारायला हवं असं घटनेत कुठेही नाही. काकांनी लिहिलेली घटना आहे, त्यांच्या सवयीनुसारच लिहिणार.

ता.क. २. तू म्हणशील हा माझाच उद्योग. पक्षही तेच म्हणतोय, म्हणून तर मी मशीनमागे आहे. पण विचार कर. त्या कागदावर एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं. मी असतो तर तुझ्या नावातच दोन चुका केल्या असत्या. आणि नाव माहेरचं होतं. डबलब्रेकनी सगळ्यांना विचारलं, ह्या बाई कोण, शेवटी यादीत क्रमांक चारला सापडलीस. आता तुला माहेरच्या नावानं लिहिणारा माणूस जगात कोण उरलाय ते मी सांगणार नाही. मतदान गुप्त असतं.

ता.क. ३. तू राजीनामा देणार हे आम्हाला माहीत आहे, आणि तो तू टपालानं पाठवणार हेही. तो चालणार नाही. काल काकांनी घटना टाईप करायला दिली, त्यात कलम चौदाखाली नवीन ओळ आहे: 'अध्यक्षांनी राजीनामा मावळत्या अध्यक्षांच्या घरी समक्ष येऊन द्यावा, व निदान चहाला थांबावे.' मी म्हटलं, घटनेत चहा कशाला? तर म्हणाले, तू टाईप कर. ओळ पेन्सिलनं लिहिली आहे, आणि शेजारी खोडरबर काढून ठेवलाय. तेव्हा कधी येतेस ते कळव. मला नको कळवूस, त्यांना कळव.