तनुजाचं कपाट

३ मे
तनुजाचा फोन. लग्नाला वर्ष होत आलं, आज पहिल्यांदा पोरीनं माझ्या कामाचं काही विचारलं! "आबा, कपाट सुटं करता येतं का?" अजिंठ्यात खोली बदलत असतील. म्हटलं — ते काय प्लायचं आहे का, स्क्रू फिरवला की निघालं? लग्नात मी स्वतः करून दिलेलं, सागवानी आहे! जोडाच्या कुसवाला, म्हणजे भोकात शिरणाऱ्या लाकडी जिभेला, टोकाशी चीर पाडून त्यात पाचर ठेवलीय आणि बंद भोकात ठोकलंय. आत जाता जाता कुसू फुगतं, गच्च बसतं. पुन्हा निघणे नाही. बराच वेळ समजावलं. ती नुसती "व्हय, व्हय" करत होती.

४ मे
द्वारका वाढता वाढता म्हणाली, "अवो, कशाला सुटं करायचंय ते इचारलं का?"
नाही विचारलं. हिला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं.

७ मे
बजाजनगरच्या गिऱ्हाइकाची दारं लटकवली. बिजागरं हलकी आणलेली. वैताग.

९ मे
पुन्हा तनुजा. "आबा, कापलं तर?"
डोकंच फिरलं. अख्खा हिवाळा खपलो मी त्या कपाटावर! करवत लावली तर माझ्याशी बोलू नको म्हणालो. मग म्हणाली, "तसंच सोडून आले तर?"
"सोडून कसं चालंल? साड्या कुठं ठेवशील?"
"ऱ्हाऊ द्या, आबा." फोन ठेवला.

१० मे
द्वारका सकाळपासून जेवली नाही. शेवटी रडायलाच लागली. "पोरगी घरी येऊ का म्हून इचारत व्हती. अन् तुमी लाकडाचं सांगत बसले!"
हातातली पटाशी खाली ठेवली. जावयाला फोन लावला — विश्वजीत, नवी खोली कुठं बघितली?
हसला. "खोली? आमी कुठं नाय चाललो."
मी किती मूर्ख माणूस आहे! उद्या पहिल्या गाडीनं निघतो.

११ मे
तनुजाला घेऊन आलो. विश्वजीत ड्युटीला गेलेला. बरं झालं, नाहीतर माझ्या हातून काहीतरी झालं असतं.
तिचे कपडे काढायला कपाट मीच उघडलं. साड्यांच्या उभ्या कप्प्यात एकही साडी नव्हती. खाली उशी. दाराला आतून कडी. स्क्रू तिरपे, अर्धवट पिळलेले — तिनंच बसवलेले.