बाबा असताना मी कसा बसू?

बाबा, दादाने तुम्हाला घरी परत आणलं होतं, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. खराडीच्या ऑफिसातून येताना त्याची दुचाकी घसरली, डोक्याला मार लागला, मेंदूचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला धड शब्द 'बाबा' हाच होता. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झालीत, हे त्याच्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं. मी खरं सांगितलं. तो हमसून हमसून रडला. दुसऱ्या सकाळी पुन्हा विचारलं, "बाबा कुठायत?" मी पुन्हा सांगितलं, आणि तो पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा रडला. त्यानंतर मी सरळ थापा मारायला लागले. बाबा मंडईत गेलेत, येतील. घरी येणाऱ्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "रोज धक्का देऊ नका, पण खोटंही पक्कं करू नका." म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यांनाही माहीत नसावं.

हार घातलेला तुमचा फोटो मी कपाटात ठेवला. तेव्हा मी दादाला हाताला धरून चालवायचे, घास चावायची आठवण करून द्यायचे, आणि संध्याकाळी लिफ्टचं दार वाजलं की तो म्हणायचा, "आले." मीही स्वयंपाकघरातून दाराकडे बघायचे. तुमच्या रिकाम्या खुर्चीशी तो बोलायचा, थांबायचा, ऐकून घ्यायचा, हसायचा. तुम्ही काहीतरी खवचट बोलला असणार. माझी पहिली आमटी भुरकून तुम्ही म्हणाला होतात, "पाणी छान उकळलंय," आणि दोनदा वाढून घेतली होतीत. एकदा तशीच आमटी ढवळत होते, तर मागे तुमचं घसा खाकरणं ऐकू आलं. मी वळले नाही. भीती वाटत होती बाबा, आणि तुम्ही जाऊ नये असंही वाटत होतं.

मग पितृपक्षात तुमची तिथी आली. गुरुजी म्हणाले, मुलाच्या हातून होऊ दे. थेरपिस्ट बाईही म्हणाल्या, ओळखीची कामं करू द्या, हात आठवतात. मी दादाला सांगितलं, आजोबांचं श्राद्ध आहे. तो शब्द शोधत म्हणाला, "मग... बाबा करतील. बाबा असताना... मी कसा बसू?" आदल्या दिवशीचं जेवण न आठवणाऱ्या माणसाला हे बरोबर आठवत होतं. मी म्हटलं, "बाबांना बरं नाहीये रे, तू बस." तो बसला. गुरुजींनी सांगायच्या आधीच त्याने डाव्या हाताने चाचपडत जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. माझं लक्ष वडे तळण्यात होतं. गुरुजींना सावध करायला मी विसरले, आणि त्यांनी खणखणीत आवाजात तुमचं नाव घेतलं.

दादाचा हात तिळांवरच थांबला. गुरुजी गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. दादाने विचारलं, "गेले?" मी मान हलवली. या वेळी तो मोठ्याने रडला नाही. डोळे पुसून म्हणाला, "सांगा, गुरुजी. पुढचं सांगा."

दुसऱ्या दिवशीही त्याला ते आठवत होतं. त्याच्या पुढच्या दिवशीही. थेरपिस्ट बाई खूश आहेत, आता तो लवकर सुधारेल म्हणतात. फोटो पुन्हा भिंतीवर लागलाय. दादा खुर्चीशी बोलत नाही, लिफ्ट वाजली तरी पेपरातून मान वर करत नाही. घर नुसतं घर झालंय.

या दिवसासाठी मी किती देव पाण्यात ठेवले होते, ते माझं मलाच माहीत. तरी हे पत्र पाठवायला पत्ता नाही म्हणून एक सांगून टाकते. काल संध्याकाळी मीच त्याला विचारलं, "दादा, बाबा अजून कसे आले नाहीत रे?" त्याने पेपर बाजूला ठेवला, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "बाबा नाहीत गं आता," आणि अधू हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्याने 'येतील' म्हणावं, असं मला वाटत होतं.