आंबेचं फडकं

आई, तुझं आंबेचं फडकं आज मी डब्यातून बाहेर काढलं. डबा तोच, तू दिलेला, पितळी. फक्त झाकणाच्या आतून मी कोल्डरूमच्या दाराला असते तसली रबरी पट्टी कापून बसवली आहे, कारण इंग्लंडातल्या या स्लाऊची हवा दमट, आणि तुझं फडकं कोरडंच राहायला हवं. तू हसली असतीस. पण काम चोख आहे. इतक्या वर्षांत आत कुबट वास शिरलेला नाही.

फडकं हातात घेतलं की शेत दिसतं. हरभरा घाट्यांवर आलेला आहे. दिवस मावळता तू जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा रोपांवर अंथरतेस, इतक्या हलक्या हातानं की जणू खाली कुणी निजलंय. पहाटे जावं तर कापड जड झालेलं, दवानं भिजलेलं, आणि पाल्याचा सगळा आंबट खार त्यात उतरलेला. तू ते पिळू द्यायची नाहीस. सावलीत वाळवायचीस, संध्याकाळी पुन्हा अंथरायचीस, पुन्हा वाळवायचीस. होता होता कापड पापडासारखं कडक व्हायचं. मग भर उन्हाळ्यात गल्लीत कुणाचं पोट दुखलं की तू बोटभर पट्टी कापून वाटीतल्या पाण्यात सोडायचीस, आणि सरलेल्या थंडीतलं दव त्या वाटीत परत यायचं. आंब. घशातून उतरताना डोळे आपोआप मिटायचे.

मी पुण्याच्या कोल्डस्टोरेजमध्ये नुकताच लागलो होतो तेव्हाची गोष्ट. कॉलेजची पायरी न चढता, भंगारातले कॉम्प्रेसर खोलून आणि इंग्रजी मॅन्युअलं डिक्शनरी घेऊन वाचून मी तो धंदा शिकलो, आणि सुटीत घरी आलो तो तुला शिकवायलाच. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, "आई, दव पडत नाही."

"पडत नाही? मग काय चढतं?"

"अगं, ते हवेतच असतं. रात्री मोकळ्या आभाळाखाली पान गार होतं, हवेपेक्षाही गार. मग हवेतलं पाणी त्याच्यावर येऊन बसतं."

तू भाकरी उलटलीस. "म्हणजे जो गार होतो त्याच्याकडे पाणी येतं. बघ, तुला किती कळतंय. आणि तू कायम तापलेला."

मला राग आला होता. तुझं म्हणणं सिद्ध करायला तेवढं पुरे होतं. इंग्लंडला निघालो तेव्हा तू ते फडकं डब्यात घालून दिलंस. "तिकडचं पाणी नाही मानवलं तर," म्हणालीस. पाणी मानवलं. मी इथल्या वेअरहाउसांच्या कोल्डरूम सांभाळतो, पाइपांवर बसणारं पाणी पुसणं आणि वाहून लावणं हाच माझा रोजचा उद्योग. दुसऱ्याच हिवाळ्यात तू गेलीस, आणि त्यानंतर डब्याला मी कुणाला हात लावू दिला नाही.

तुझी नात, जी तू पाहिली नाहीस, ती आता केंब्रिजला दवावरच संशोधन करते. हे मी तिला सुचवलेलं नाही, तिचं तिनं काढलं. समुद्रापासून जवळच एक वाळवंट आहे, तिथं पाऊस जवळजवळ नाही, पण रात्रीची हवा ओलसर असते. ते पाणी धरायला तिनं एक पांढरा प्लॅस्टिकचा पत्रा निवडला आणि चौकटी माझ्याकडून करून घेतल्या. चढ किती, पन्हळ कुठे, कडा किती गुळगुळीत, यावर आम्ही भांडलो आणि मी जिंकलो. पहाटे आमच्या मागच्या अंगणात चाचणी. हीथ्रोला उतरणारी विमानं धुक्यात नुसती ऐकू येतात. पत्र्यावर आधी श्वास सोडल्यासारखा धूसरपणा येतो, मग त्याचे ठिपके, ठिपक्यांचे थेंब, आणि एक थेंब अंगानं जड होऊन घसरतो तो वाटेतल्या सगळ्यांना कुशीत घेत खाली पन्हळीत जातो. शेजारी त्याच वेळी गाडीच्या काचेवरचं दव वायपरनं पुसत असतो. तिकडे वाळवंटात तेच लेकरं पिणार. आम्ही दोघं चहा गार होईपर्यंत बघत उभे असतो.  तेवढा वेळ ती अगदी तुझ्यासारखी उभी राहते, एका पायावर भार टाकून.

मागच्या आठवड्यात तिनं तिच्या डिपार्टमेंटमध्ये छोटं भाषण दिलं आणि मला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खुर्चीत. सगळं नीट चाललं होतं, आणि शेवटी ती म्हणाली की दव गोळा करणं आमच्या घरचंच आहे, माझ्या आजीचं एक मँगो क्लॉथ होतं. माझा हात आपोआप अर्धा वर गेला. लोकांना वाटलं, प्रश्न आहे. मी हात केसांवरून फिरवून खाली घेतला.

घरी परतताना गाडीत मी पेटलो. "मँगो कुठून आला त्यात?"

"बाबा, तूच म्हणायचास ना, आंबेचा फडकं."

"आंबेचं! फडकं ते. आणि ती आंब. आंबा नव्हे, हरभऱ्याची आंब."

"हरभरा म्हणजे चणा? चण्याला कुठे ज्यूस असतो?"

"इतक्या लोकांसमोर..."

"मग मला कधी सांगितला का नाहीस? डबा तर उघडू पण नाही दिलास. आय वॉज प्राउड ऑफ इट, बाबा. मी माझ्या मनानं आंबे घातले."

मोटरवेवरचे दिवे एकामागून एक अंगावरून जात होते. माझ्याकडे उत्तर तयार होतं, धारदार होतं, आणि ते तोंडात धरून मी गाडी चालवत राहिलो. हळूहळू ते निवलं. तेव्हा ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "मला ते हवंय. मी वाळवंटात गेले की तिथल्या बायका म्हणतील, ही मुलगी प्लॅस्टिकचा पत्रा घेऊन शिकवायला आली. मला दाखवायचंय की माझी आजी पण पहाटे उठून हेच करायची." मग मी तिला सगळं सांगितलं, घाट्यांपासून वाटीपर्यंत. स्लाऊ आलं तरी आम्ही दारात गाडीतच बसून होतो. ती मधेच विचारायची, "आणि मग आजी काय म्हणाली?"

फडकं मात्र देतो म्हणालो नाही. ते एकच आहे. तुझी सून म्हणाली, "अहो, देऊन टाका. तुम्ही काय त्याची पूजा करताय?" तिला काय सांगू? तुझा हात लागलेलं माझ्याकडे दुसरं काही नाही. तिकडे ते वाऱ्यानं उडेल, कुणी साबणानं धुईल, किंवा ती ते अंथरेल आणि तुझ्या दवावर दुसरंच दव बसेल.

आज दुपारी ती निघाली. बॅग भरताना मी डबा तिच्या हातात ठेवला. तिनं झाकण उघडून नाक जवळ नेलं. "बाबा, अजून आंबट आहे का रे?" मी म्हटलं, "आहे." "आणि त्याला काय म्हणायचा?" "आंब." "ती आंब," ती म्हणाली, आणि बरोबर म्हटलं का म्हणून माझ्याकडे बघितलं.

हे पत्र त्या डब्यात जायचं होतं, आता डबाच नाही. आणि आई, एक सांगतो. तपासल्याशिवाय मी आजवर कुठलाही माल हातावेगळा केलेला नाही. सकाळी आंब अजून उतरते का बघायला, बोटभर पट्टी कापायला कात्री काढली होती, वाटीत पाणीही घेतलं होतं. पट्टी न कापताच ते पाणी मी तसंच पिऊन टाकलं.