दगडावरचा ठराव

जिनिव्हा, १९ एप्रिल १९४६

प्रिय गास्पारभाऊजी,
स. न. वि. वि.

आज गुड फ्रायडे. सकाळी चर्चला जाऊन आले, मग यांच्या, लूसियाँच्या थडग्यावर फुलं ठेवली. काल राष्ट्रसंघाची शेवटची सभा झाली. जिथे यांनी उभा जन्म भाषांतरं केली, ती जागा बंद झाली.

पाथरवट विचारतो, नावाखाली काय कोरायचं? मला ‘राष्ट्रसंघाचे भाषांतरकार’ असं हवं आहे. पण दफनाच्या दिवशी तुम्ही म्हणालात, की त्या लोकांना युद्ध थांबवता आलं असतं, ते नुसते बोलत बसले आणि आपला एतिएन लढाईवर गेला तो परतलाच नाही. हेही तेच म्हणत. इटलीने अबिसिनियावर हल्ला केला तेव्हाच सगळ्यांनी मिळून त्यांना जाणारं तेल तोडलं असतं, तर पुढे जर्मनीही धजला नसता, असं शेवटच्या आजारातही बोलत.

आपल्या घरात राष्ट्रसंघाचाच नियम. एकाचा ‘नाही’ आला की ठराव पडला. रविवारी डोंगरावर जायचं निघालं की तुम्ही ‘नाही’ म्हणून दुपारभर घोरायचात, आणि हे निमूट बूट काढून ठेवायचे. तो नियम मी मोडणार नाही. तुमचा ‘नाही’ असेल तर नुसतं नाव कोरू.

लोभ आहेच, तो यामुळे उणा होऊ नये.

आपली,
क्लोतिल्ड


आन्सी, २७ एप्रिल

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.

मी घोरत नसे, विचार करत असे.

ते शब्द वाचले की मला एतिएन दिसणार. ‘हो’ तोंडातून निघत नाही. पण मला पाण्याची भीती, त्याला पोहायला दादानेच शिकवलं. माझ्या पोराचे सगळे उन्हाळे तुमच्या घरी गेले. परत येताना तो गाडीत रडायचा. तुम्ही दोघांनी त्याला जे दिलं ते मला देता आलं नसतं. मग ‘नाही’ तरी कसं म्हणू?

दादा सांगायचा, की त्यांच्याकडे तटस्थ राहील त्याला गैरहजर धरतात, आणि ठराव मंजूर होतो.

वहिनी, मी तटस्थ.

दगड बसेल त्या दिवशी मात्र हजर राहीन. माया असू द्या.

तुमचा,
गास्पार


जिनिव्हा, २ मे

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

ठराव मंजूर. पाथरवटाला सांगून आले. तुमचं पत्र दोनदा वाचलं. आभार मानले तर तुम्ही चिडाल, म्हणून मनातच मानते.

पुढच्या रविवारी दगड बसेल. मग डोंगरावर जाऊ, तिथेही तटस्थ राहिलात तरी चालेल. यांचे बूट तुमच्या मापाचे आहेत. पत्र बंद करून त्यांना पॉलिश करायला बसते.

आपली,
क्लोतिल्ड