खिडकीखालचा हापसा

लातूर, २० मार्च १९८३

ती. रत्नम्मा अक्कास,
बसवंतचा सा. न. वि. वि.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत रुजू झालो, घरही मिळालं. पण या दुष्काळात गल्लीतल्या एकाच हापशाला पाणी आहे आणि तो नेमका आमच्या खिडकीखाली. पहाटेपासून दांड्याची करकर, घागरींची आदळआपट, नंबरावरून भांडणं. डोकं उठतं.

माझं सोड, पण शिवगंगाला सातवा महिना आहे. मागची दोन बाळं राहिली नाहीत, म्हणून डॉक्टरांनी पडून राहायला आणि भरपूर झोपायला सांगितलंय. बसचा प्रवास बंद, नाहीतर उमरीला तुझ्याकडेच आणून सोडलं असतं. दुपारी हापशाला कुलूप लावावं असा अर्ज मी लिहिलाय. कचेरीत ओळख आहे, काम होईल. पण ही देऊच देत नाही. तू समजाव, तुझं ऐकते.

तुझ्या मायेतला,
बसवंत

उमरी, २८ मार्च

चि. सौ. शिवगंगास,
अनेक आशीर्वाद.

आमचा बसवंत लहानपणी शेजारी पिंजारी बसला तरी कानात बोळे घालून फिरायचा, म्हणून त्याचं निम्मंच खरं धरते. पण हा जीव आपल्या सगळ्यांना हवा आहे, पोरी. भिडेपोटी सोसत असशील तर सांग. मी येऊन त्या बायांशी बोलते.

तुझी,
रत्नम्मा अक्का

लातूर, ६ एप्रिल

ती. अक्कांना,
शिवगंगाचा शरणार्थ.

आधी मलाही दांडा डोक्यातच हलतोय असं वाटायचं. उशीत तोंड खुपसून रडायचे. एकदा चिडून खिडकी उघडली, आता ओरडणार, तोच हापशावरच्या बाईनं कितवा महिना म्हणून विचारलं. ती नागुबाई. मग बाकीच्यांचीही ओळख झाली. आता नुसत्या आवाजावरून कळतं, दमादमानं ओढते ती नागुबाई, घाई करते ती सरजाबाई. आवाज तेवढाच आहे अक्का, माझा राग मात्र गेला. नागुबाईचा नंबर लागला की माझे डोळे मिटतात. कुलूप लावलं तर या बायांनी भर उन्हात जायचं कुठं? आमच्या ह्यांना तुम्हीच समजवा.

तुमच्या मायेची,
शिवगंगा

लातूर, ३० मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पण खरं लिहायला बसलोय ते शिवगंगाबद्दल.

दवाखान्यातून घरी आलो तर गल्ली एकदम शांत. मी सुखानं ताणून दिली. शिवगंगानं मात्र मला चौकशीला पिटाळलं. कळलं की बाया रुळांपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणतायत. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर नागुबाई म्हणाली, कुनी न्हाई, लेकराला झोपू द्या की जरा. अक्का, मला लई लाज वाटली.

घरी येऊन सांगितलं तशी शिवगंगा उठली. कानाला फडकं बांधलं, बाहेर गेली आणि स्वतः हापसायला लागली. ओल्या बाळंतिणीनं दांडा धरलेला. मी अडवत राहिलो, ऐकेल तर शपथ. करकर गल्लीभर गेली तशी एकेक दार उघडलं आणि बाया घागरी घेऊन धावत आल्या. नागुबाईनं तिच्या हातून दांडा हिसकावला आणि शिव्या मला घातल्या. अशी बाई माझ्या घरात आहे, हे मला या वयात कळलं.

तेवढ्यात आत पोरगी दचकून उठली आणि तिनं टाहो फोडला. मी धावलो, तर शिवगंगा म्हणाली, रडू द्या, तिला घ्यायला एवढ्या जणी आल्यात की.

तुझा,
बसवंत