दोऱ्याने मोजलेलं बेट

रविवार, १८ जानेवारी, दुपार

प्रिय वहिनी,

चार वर्षं पत्र नाही, फोन नाही आणि आज एकदम हे जाड पाकीट. आधी माफी मागते. ‘वेळच मिळाला नाही’ असं लिहिणार होते, पण ते वाचून तू नाकातून हसली असतीस. वेळ होता. ‘वहिनी’ लिहावं की नाही, यातच आज अर्धा तास गेला. कागदोपत्री ते नातं आता उरलेलं नाही. पण तुला नावाने हाक मारायची म्हणजे बँकेतल्या कुणा बाईंशी बोलल्यासारखं वाटतं. खटकलं तर सांग.

इकडे सगळं ठीक. शाळांचे नकाशे तपासायचं काम चालूच आहे. हाताखाली आता तीन मुली आहेत. त्या मला घाबरतात म्हणे! आईला ऐकू कमी येतं, तिच्याविषयी बोललेलं मात्र बरोबर येतं. ती आणि दादा वरच्या मजल्यावर, मी खाली. दादाचं इतकंच.

आता मुद्दा. आपलं बेट आठवतं? छापखान्याने समुद्र पिवळा छापला म्हणून रद्द झालेला तो नकाशा मी घरी आणला होता आणि तू तो फ्रिजच्या दारावर चिकटवलास. मधोमध ज्वालामुखी, भोवती पिवळाजर्द समुद्र. भांडी पुसता पुसता तू म्हणायचीस, “मोजपट्टे, असला समुद्र बघितल्याशिवाय मी काही मरत नाही.” आणि मी म्हणायचे, “स्वस्तात बसलं तर जाऊ.” तू गेलीस त्या आठवड्यात मी तो नकाशा फ्रिजवरून काढून माझ्या कपाटात ठेवला. कुणी फेकू नये म्हणून की कुणाला दिसू नये म्हणून, ते अजून नक्की सांगता येत नाही.

तर वहिनी, स्वस्तात बसतंय! महिनाभर मी हेच करतेय. विमानाऐवजी साधी बोट. मे महिना, कारण तेव्हा तिथे गर्दी नसते आणि खोल्या अर्ध्या भाड्यात मिळतात. बेटाची पूर्वेची बाजू सतत भिजलेली असते, पश्चिमेची कोरडी, आपण पश्चिमेला. काळी वाळू, ओहोटीला किनाऱ्यावरच गरम पाण्याचे झरे, सगळं फुकट. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी खोली मिळतेय, स्वयंपाकघर वापरायची मुभा आहे. तुझा चहा तूच कर, माझा तुला कधी आवडलाच नाही.

खोली धक्क्यापासून किती लांब, ते मी त्याच पिवळ्या नकाशावर दोऱ्याने मोजलं. रस्त्याच्या वळणांवरून दोरा फिरवायचा, मग तो नकाशाच्या कोपऱ्यातल्या प्रमाणपट्टीवर धरायचा. दीड किलोमीटर भरलं. म्हटलं, चालत जाऊ, गाडीभाडं वाचलं. तसं शिक्षिकाबाईंना कळवलंही. त्यांचं उत्तर आलं : “अवश्य चालत या. फक्त चारशे बारा पायऱ्या आहेत. मागचे पाहुणे निम्म्यावर बसून रडले होते.”

डोंगराची उंची दाखवणाऱ्या रेषा मी बघितल्याच नव्हत्या. ज्वालामुखीच्या बेटावर! याच चुकीसाठी मी त्या तीन मुलींना ओरडते : अंतर मोजलंत, चढ कोण मोजणार? सोमवारी त्यांना हे सांगितलं तर एक म्हणाली, “मॅडम, तुम्हालाही लाल शेरा द्यायचा का?” दिला. माझ्याच पेनने.

हसून झाल्यावर तुझा गुडघा आठवला. तलावाच्या ओल्या पायरीवरून पडलीस, ऑपरेशन झालं, आता पोहायला शिकवतेस ती काठावरच्या खुर्चीत बसून, हे मला तुझ्याच एका विद्यार्थिनीच्या आईकडून कळलं. ऑपरेशनचं आठ महिन्यांपूर्वीच, तू दवाखान्यात असतानाच. दवाखाना माझ्या ऑफिसपासून बसने वीस मिनिटांवर होता. मी दोनदा बसमध्ये चढले आणि दोन्ही वेळा अलीकडच्याच थांब्यावर उतरले.

का उतरले, ते तुला माहीत आहे. तरी लिहिते. लिहिल्याशिवाय बाकीच्या पत्राला अर्थ नाही.

त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत इस्त्री करत होते. दादा म्हणाला, “पटत नसेल तर चालती हो.” तू विचारलंस, “आत्ता?” तो म्हणाला, “आत्ता.” मग कपाट उघडल्याचा आवाज, मग दाराचा. पंधरा दिवसांनी दोन्हीकडची माणसं बसली, तेव्हा दादा म्हणाला, “ती आपणहून गेली.” तू माझ्याकडे बोट दाखवलंस, “हिला विचारा. ही आत होती.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणाले, “मी इस्त्री करत होते. मला नीट ऐकू आलं नाही.”

इस्त्रीचा कसला गं आवाज होतो?

हे त्या खोलीत कुणाच्याही लक्षात आलं नाही. तुझ्या आलं. तू फक्त माझ्याकडे बघितलंस आणि पर्स उचललीस. दादाने मला लहानाचं मोठं केलं, त्याच्यापुढे तोंड उघडायची सवयच नव्हती. हे कारण आहे की सबब, ते ठरवण्यात चार वर्षं गेली.

वर लिहिलेलं आत्ता पुन्हा वाचलं आणि शंका आली. सहल स्वस्तात बसवायची मला हौसच आहे. माफीही तशीच बसवतेय का? पाच दिवसांचं बेट दाखवायचं आणि त्या एका वाक्याचं नाव काढायचं नाही? खरं तर पहिला मसुदा तसाच होता. फाडला.

आता असं ठरवलंय. धक्क्याला लागूनच तळमजल्यावर एक खोली आहे, एकही पायरी नाही. भाडं जास्त, म्हणून सातऐवजी पाच दिवस. शिक्षिकाबाईंनीच ती सुचवली आणि महिनाअखेरपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलंय. तू ‘नाही’ म्हणालीस तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण तो तुझा हक्क आहे. तुझ्या हाताला धरून त्या गरम पाण्यात उभं राहायचं आहे मला. तुझी पोटभर बोलणी खायची आहेत. घरात चार वर्षं मला कुणी मोजपट्टी म्हटलेलं नाही.

आणि दादाशी बोलल्याशिवाय हे पत्र पेटीत टाकायचं नाही. म्हणजे हे तुझ्या हातात असेल, तर मी बोलले आहे असं समज. तू येवोस न येवोस. पिवळा नकाशा सोबत जोडला आहे. दोऱ्याची खूण दिसेल, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझीच, तू म्हणू देशील तोवर,
मोजपट्टी

उद्या : दादा कामावर निघण्याआधी वर जाऊन त्याला सांगणे, मला सगळं ऐकू आलं होतं.